केस परके, डोकं आपलं

नगर जिल्ह्यात कुणाला टक्कल पडायला लागलं, तर ती बातमी त्याला स्वतःला सगळ्यात शेवटी कळते. आधी न्हाव्याला कळते, पण तो धंद्याच्या शहाणपणापायी बोलत नाही. मग एसटीत मागच्या सीटवर बसणाऱ्यांना कळते, मग सोयऱ्याधायऱ्यांत पसरते. ज्याचं डोकं असतं तो मात्र रोज आरशात समोरून बघतो आणि कपाळ जरा रुंद झालंय, म्हणजे भाग्य उजळणार, अशा समजुतीत राहतो. हल्ली ड्रोनमुळे ही समजूत फार टिकत नाही. लग्नाचं शूटिंग घरी टीव्हीवर लावतात. वरून टिपलेला मांडव दिसतो, पंगती दिसतात, आणि मधोमध एक वर्तुळ उन्हात चमकताना दिसतं.

"हा कोण रं?"

"आरं तूच की! तो बघ, बुंदी मागतोय."

मग उपाय सुरू होतात. पहिला मान कांद्याच्या रसाचा. घोडेगाव आणि नेप्तीचा कांदा बाजार ज्या जिल्ह्यात आहे तिथं औषधाला तोटा नाही. कांद्याचा भाव पडला की जिल्ह्यातली डोकी जास्त वास मारतात, असं माझं जुनं निरीक्षण आहे. त्यानंतर माका, जास्वंद, आणि कुणाच्या तरी पाहुण्यानं हिमालयातून आणलेलं हिरवट काहीतरी. 2025 च्या जानेवारीत बुलढाण्याकडे शेगाव तालुक्यातल्या गावांमध्ये लोकांचे केस अचानक पुंजक्यांनी गळू लागल्याच्या बातम्या आल्या. तेव्हा आमच्याकडेही माणसं पेपर बाजूला ठेवून कंगवा उजेडात धरून बघत होती. माणसाचे रोज पन्नास ते शंभर केस गळतातच, हे कुणी सांगितलं तरी पटत नव्हतं. कारण मोजायला बसलं की ते शंभर फार दिसतात.

उपाय थकले की माणूस जिना चढतो. नकली केसांचा पॅच बसवणारी दुकानं बहुधा दुसऱ्या मजल्यावर असतात, म्हणजे आत शिरताना कुणी बघितलं तर खालच्या मेडिकलमध्ये आलो होतो असं सांगता येतं. पाटीवर एकाच गृहस्थाचे दोन फोटो. डावीकडे टक्कल आहे आणि गृहस्थ दुःखात आहेत. उजवीकडे केस आहेत, शर्टाला इस्त्री आहे आणि मागे समुद्र आहे. पॅचबरोबर समुद्र मिळतो की वेगळा घ्यावा लागतो, हे मला अजून कळलेलं नाही.

आमचे दाजी हा जिना चढले. दाजी पाथर्डीकडचे, वय वर्षं 52. उतरले तेव्हा कपाळाच्या वर ते 22 वर्षांचे होते आणि कपाळाच्या खाली 52 चे. मिशी करडी, भुवया पिकलेल्या, कानातले केस पांढरे, आणि वर काळंभोर, दाट, एका रांगेत उभं राहिलेलं पीक. ते घरात आले आणि सगळ्यांनी एकदम पावसाचा विषय काढला. यंदा मृग कोरडा जाणार का, यावर आमच्या घरात इतकी तळमळीची चर्चा पूर्वी कधीच झाली नव्हती. फक्त आजीनं चष्मा पुसला आणि विचारलं, "जावईबापूंनी डोक्यावर काय घेतलंय? ऊन लागलं का?"

केसांचा टोप पकडला जातो तो त्याच्या चांगलेपणापायी. हे शास्त्र मला सांगितलं ते नाटकाची रंगभूषा करणाऱ्या एका काकांनी. नगरला नाटकवाल्यांचा दुष्काळ नाही. राज्य नाट्य स्पर्धेचे प्रयोग होतात, महाकरंडक स्पर्धेसाठी महाराष्ट्रभरातून एकांकिकावाले येऊन उतरतात, आणि रंगपटात स्पिरिट गमच्या वासात कुणीतरी कुणाच्या तरी कपाळावर जाळी चिकटवत असतं. काका म्हणायचे, "टोप बसवायला कुणालाही येतो. तो बिघडवता आला पाहिजे."

बिघडवणं म्हणजे काय, ते त्यांच्या शेजारी स्टूल घेऊन बसल्यावर दिसायचं. नवा कोरा टोप आला की ते आधी चिमटा हातात घ्यायचे आणि पुढच्या कडेचे केस उपटायचे. पैसे मोजून आणलेले केस उपटताना बघून निर्मात्याच्या पोटात गोळा यायचा. पण निसर्ग कपाळाची कड दोरी धरून आखत नाही. आधी नुसती लव, मग तुरळक बारीक केस, मग कुठं दाटी. स्वस्त टोपात केसांच्या पट्ट्या मशीनवर शिवलेल्या असतात, म्हणून तिथं एकदम कुंपणच लागतं. चांगल्या टोपाला पुढून बारीक जाळी असते आणि तिच्यात एकेक केस हातानं गाठ मारून बसवलेला असतो. तरीही काका त्यातले काही काढायचेच, आणि दोन-चार आखूड करून कपाळावर सोडायचे.

मग भांग. विकत आलेल्या टोपाचा भांग पट्टीनं आखलेला असतो. काका कंगव्याच्या दांडीनं तो जरा वाकडा करायचे आणि भांगात कातडीच्या रंगाची पावडर भरायचे, कारण जाळीतल्या गाठींचे काळे ठिपके पहिल्या रांगेला दिसतात. मग दाटी कमी करायची. माणसाच्या डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. पन्नाशीनंतर तेवढे शिल्लक असणारा माणूस संशयास्पदच. मग कानशिलाजवळ पांढरा. काळ्यातही एकच काळा चालत नाही. मुळाशी गडद, टोकाला उन्हानं विटलेला, असं काहीतरी लागतं. आणि टोप कपाळावर कुठं टेकवायचा, याची त्यांची रीत अशी: नटाला म्हणायचे, "लाइट बिल आलंय असं समज." नटाच्या भुवया वर जायच्या, कपाळावर आठ्या पडायच्या. सगळ्यात वरच्या आठीच्या थोडं वर टोपाची कड. त्याखाली आली, तर प्रत्येक आठीबरोबर केस वरखाली होतात आणि गंभीर प्रवेशात प्रेक्षक दुसरंच काही बघत बसतात.

नकली केसांची चकाकी हा सगळ्यात मोठा चुगलखोर. त्याला उतारा साधी टाल्कम पावडर: हातावर घ्यायची, टोपावर थापटायची, झटकून टाकायची. विलायतेत केसांची पावडर एके काळी एवढी चालायची की 1795 मध्ये सरकारनं केसांना पावडर लावणाऱ्यांवर वर्षाला एक गिनी कर बसवला. कर आल्याबरोबर विलायतेतल्या पुष्कळ सभ्य गृहस्थांना आपले नैसर्गिक केस आवडायला लागले. आठच वर्षांनी, 1803 मध्ये, इंग्रजांच्या वेलस्लीनं नगरचा भुईकोट किल्ला घेतला. आमच्या पूर्वजांनी त्या लढाईत बरंच काही गमावलं, पण हा एक कर वाचला.

सगळं जमलं तरी एक गोष्ट टोपवाल्याला पकडून देते, ती म्हणजे त्याचा हात. दर पाच मिनिटांनी हात डोक्याकडे जातो, कड चाचपतो आणि काही केलंच नाही अशा थाटात मानेमागून खाली येतो. काका नटाच्या हातात काहीतरी द्यायचे. छत्री, पिशवी, वर्तमानपत्र, काहीही. मराठी रंगभूमीवर इतकी पात्रं हातात पिशवी घेऊन का वावरतात, याचा उलगडा मला तेव्हा झाला. नंतर दाजींनीही पिशवी धरली, पण ते लग्नातसुद्धा दोन्ही हातांत पिशव्या घेऊन उभे राहायला लागले आणि लोक त्यांना आचारी समजून मीठ मागू लागले.

टोपाच्या बाबतीत नगरकरांनी लाजू नये, कारण आमच्या गावानं पडद्यावर दोन टोकांचे दोन गडी दिले आहेत. शाहू मोडक नगरचे, जन्म 1918 चा, घर ख्रिस्ती. ते 29 चित्रपटांत श्रीकृष्ण झाले. मोरपीस, मुकुट आणि खांद्यावर रुळणाऱ्या बटा. दुसरे सदाशिव अमरापूरकर, जन्म 1950 चा, तेही नगरचेच. 1991 च्या 'सडक'मध्ये ते महाराणी नावाचं खलपात्र झाले: साडी, कुंकू, केसांचा थाट, आणि त्याखाली असा चेहरा की थिएटरात पोरांनी पायाखालचं पॉपकॉर्न उचलायचं सोडून दिलं. खलनायकासाठीचं फिल्मफेअर त्या वर्षीच्या चित्रपटांपासून सुरू झालं आणि पहिलंच महाराणीनं नेलं. एकाच गावच्या पाण्यानं एकाला देव केलं आणि दुसऱ्याला पाहून देव आठवायला लावला. महाराणीच्या टोपाकडे बघून हसायची हिंमत त्या काळात कुणाची झाली असेल असं मला वाटत नाही. टोप नैसर्गिक दिसण्यासाठी काकांचे सगळे उपाय ठीकच आहेत, पण खाली अमरापूरकर असले तर चिमट्याची गरज पडत नाही.

आणि शेजारच्या जिल्ह्यातल्या त्र्यंबकच्या दादासाहेब फाळक्यांचं काय? 1913 मध्ये 'राजा हरिश्चंद्र' काढताना त्यांना तारामती करायला बाई मिळेना. शेवटी हॉटेलात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. तेच साळुंके 1917 च्या 'लंकादहन'मध्ये राम झाले आणि सीताही झाले. म्हणजे पळवून नेलेलेही तेच, आणि डोळ्यांत पाणी आणून रानोरान शोधायला निघालेलेही तेच. मधे फक्त वेशभूषेचं सामान.

आमच्याकडे याच्या उलटही झालं आहे. संगमनेरला ज्यांचं बिऱ्हाड होतं त्या तमाशा कलावंत कांताबाई सातारकर वगनाट्यांत पुरुषांच्या भूमिका करून फड गाजवत. बाईनं राजा व्हायचं म्हणजे अडचण वेगळी. टक्कल झाकायचं नसतं, असलेले भरघोस केस लपवायचे असतात, आणि खेळ संपल्यावर ते जागेवर सापडायलाही हवे असतात. डोक्यावर अंबाडा ठेवून वर टोप घातला, तर राजाला मागून टेंगूळ येतं.

काकांकडे याची पद्धत ठरलेली होती, आणि हा भाग ते चेष्टेवारी नेत नसत. केस आधी धुवून पूर्ण कोरडे झालेच पाहिजेत. ओल्या केसांवर टोप चढवला तर आत वाफ कोंडते, खाज सुटते, कोंडा होतो, आणि नायिका प्रेमाच्या प्रवेशात डोकं खाजवते. मग सैल वेण्या घालून त्या डोक्याभोवती सपाट फिरवायच्या. वर मऊ सुती टोपी, तिच्यावर टोप. वेण्या करकचून घालायच्या नाहीत, पिना रोज त्याच जागी खोचायच्या नाहीत. एकाच जागी रोज ओढ बसली की केसाचं मूळ कंटाळतं आणि एके दिवशी राजीनामा देतं. नकली केसांच्या नादात असली जाण्याचा हा सरळ रस्ता. गम लावायचा तो कातडीवर, केसांवर नाही. काढताना तो विरघळवणारा द्रव कडेला लावायचा, थांबायचं आणि हळूहळू सोडवायचं. घाईघाईनं ओरबाडलं की टोपाबरोबर कानशिलावरची लवही येते. आणि रात्री टोप डोक्यावरून उतरलाच पाहिजे. टोपाला लाकडी डोक्यावर झोपवायचं, माणसाला उशीवर.

दाजींना हे शेवटचं कलम मान्य नव्हतं. सासुरवाडीला मुक्काम असला की ते पॅचसकट झोपायचे, तेही उताणे, हात छातीवर ठेवून. आजी पहाटे दोनदा येऊन श्वास चालू आहे का बघून जायची. त्यांचा तेव्हाचा पॅच क्लिपांचा होता. कडेला उरलेल्या मूठभर केसांना क्लिपा लावून वरचा सगळा संसार तोलायचा. गेलेल्यांची जबाबदारी राहिलेल्यांवर, हा आपल्या एकत्र कुटुंबाचा नियमच आहे; पण त्यात राहिलेलेही जातात, हेही आपण पाहिलेलं असतं. उजव्या कानावरचे केस पातळ व्हायला लागले, तेव्हा दाजी चिकटवायच्या पॅचकडे वळले. तो बसवायला आधी डोक्यावरचे उरलेसुरले केस भादरतात, आणि मग तीन-चार आठवड्यांनी जाऊन सर्व्हिसिंग करून आणावं लागतं. ताई म्हणाली, "गाडीची सर्व्हिसिंग दोन वर्षं झाली नाही, पण डोक्याची तारीख चुकत नाही."

त्यात आमची हवा. सुप्याजवळच्या डोंगरावर उगीच पवनचक्क्या उभ्या केलेल्या नाहीत. कंपन्यांनी आधी वारा मोजला आणि मग पाती लावली. आमच्याकडचे लोक आधी पॅच लावतात आणि मग वारा मोजतात. नगर-पुणे रस्त्यावर मोटारसायकलवरून एमआयडीसीला जाणाऱ्या पोरांपैकी काहींनी हेल्मेट केवळ याच कारणासाठी पत्करलं आहे, असा मला दाट संशय आहे. पण हेल्मेटचीही गंमत आहे. ते घालताना काही होत नाही. काढताना ते एकटं येईल याची खात्री नसते. लग्नात फेट्याचं तसंच. मानाच्या पाहुण्यांना रांगेत बसवून फेटेवाला करकचून फेटा बांधतो, तेव्हा पॅचवाला सुरक्षित असतो. खरी परीक्षा फेटा उतरवताना, म्हणून काही पाहुणे फेट्यातच जेवतात, फेट्यातच बसमध्ये बसतात आणि मानाचा फार हव्यास आहे अशी बदनामी सोसतात.

उन्हाळ्यात घाम, पावसाळ्यात दमट वास. पण दाजींना गाठलं ते हिवाळ्यानं. नकली धाग्याला उष्णता सोसत नाही. उकळत्या कुकरची वाफ पुरे होते. धागा आखडतो, कुरळा होतो, आणि मग त्याला सरळ करणारा कंगवा जगात नाही. ज्वारीच्या मोसमात शेतावर हुरडा पार्टी होती. आगटी पेटलेली, कणसं फुललेली, शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही. गरम हुरडा हातावर चोळून देणाऱ्याच्या पुढ्यात दाजी प्रेमानं वाकले. चर्र असा बारीक आवाज झाला. यजमान नाक वर करून म्हणाले, "कणीस करपलं वाटतं एक." पुढची झुलपं आखडून त्यांच्या टोकांना मोहरीएवढे काळे मणी आले होते. सगळ्यांनी पुन्हा पावसाचा विषय काढला. जानेवारी महिना होता.

हे केस येतात कुठून, हा प्रश्न दाजींना कधी पडला नाही. त्यांचे कारखान्यातून आले होते. पण असली केसांचा व्यापार आपल्या उंबऱ्यापाशीच सुरू होतो. विंचरल्यावर निघालेलं गुंतवळ बायका भिंतीच्या फटीत किंवा प्लास्टिकच्या पिशवीत साठवतात. मग "केसावर भांडीऽऽ" अशी आरोळी येते, आणि वर्षभराच्या गळतीची एक चहाची गाळणी किंवा पोरांसाठी चार फुगे होतात. ते गुंतवळ पुढे कुठं कुठं जातं. कर्नाटकात कोप्पळजवळ भाग्यनगर नावाचं गाव आहे, तिथं असले केस सोडवून, विंचरून, लांबीप्रमाणे लावण्याचाच धंदा चालतो. तिरुपतीला अर्पण केलेल्या केसांचा लिलाव होतो तो वेगळा. तिथून ते बोटीत बसून परदेशी जातात. 2004 मध्ये ब्रुकलीन आणि जेरुसलेममध्ये सनातनी ज्यू बायकांनी आपले महागडे टोप रस्त्यावर आणून जाळले, कारण त्यातले केस हिंदू देवळात वाहिलेले असू शकतात, आणि परक्या देवाला वाहिलेली वस्तू चालत नाही, असा त्यांच्या धर्मगुरूंचा निर्णय आला. नवस फेडायला गेलेल्या एखाद्या नेवाशाच्या काकूंना याचा पत्ताही नसेल. त्या नुसतं "गोविंदा" म्हणून डोकं पुढं करून बसल्या होत्या.

माझ्या ओळखीत सगळ्यात झकास टोप वापरला तो श्रीरामपूरच्या मावशींनी. केमोथेरपीत त्यांचे केस गेले. त्यांनी असली केसांचा टोप मागवला, आणि आल्याबरोबर पहिली तक्रार केली की हा फार काळा आहे, यात पांढरे घाला. पांढरे घालून आणले. मग मानेवर जरा वेडेवाकडे कापून घेतले, "मी पार्लरात कधी गेले नाही, हे दिसायला पाहिजे" म्हणून. डोक्याची कातडी नाजूक झालेली, म्हणून गम नाही, टेप नाही. आत मऊ सुती टोपी, घरात नुसता स्कार्फ. आणि कुणी नवीन माणूस आला की चहाच्या आधीच सांगून मोकळ्या व्हायच्या, "हे केस विकतचे आहेत बरं का, निरखून बघून घ्या, म्हणजे मग नीट गप्पा मारू." माणूस ओशाळून दोन मिनिटं निरखायचा, आणि मग खरोखरच विसरून जायचा. शेजारच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाला तो टोप दोनदा भाड्याशिवाय जाऊन आला. एकदा जिजाऊ झाला, एकदा डॉक्टरीणबाई.

उपचार संपले. काही महिन्यांनी मावशींचे स्वतःचे केस उगवले, आधी लव, मग चक्क कुरळे, जे जन्मात कधी नव्हते. त्याच सुमारास एका दुपारी गल्लीत केसावर भांडी देणारी आली. मावशींनी दारात हाक मारली आणि पाच आकडी किमतीचा टोप तिच्या पाटीत ठेवला.

बाईनं तो आधी उलटा केला, जाळी बघितली. मग एक केस उपटून काडेपेटी ओढली. नकली असता तर वितळून त्याचा मणी झाला असता. हा भुरकन जळला, वास आला, बोटांत चुरून राख झाली. बाईनं मान डोलावली.

"असली हाय. पण लई आखूड हाय, आन् पांढरंबी हाय."

"ते पांढरे मी पैसे देऊन घालून घेतलेत."

"माझ्याकडं पांढऱ्याला भाव न्हाई, मावशे. बारकी कढई देते."

मावशींनी कढई हातात घेतली, बुडावर टिचकी मारली, उजेडात धरून बघितली.

"झाकण कुठंय हिचं?"